मदत हवी आहे: शार्को पावलाचं प्लास्टर नाशिकमध्ये कोण घालतं?

सिडकोतल्या एका मधुमेही काकांसाठी विचारतोय. डावं पाऊल सुजून लाल झालंय, हाताला दुसऱ्यापेक्षा गरम लागतं. दुखणं फारसं नाही, जखम वा ताप नाही. निदान शार्को पावलाचं झालंय, म्हणजे मधुमेहाने बधिर झालेल्या पावलाची हाडं-सांधे ढासळण्याचा आजार. (सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून बरेचदा हे संधिवात किंवा जंतुसंसर्ग समजून वेळ जातो. तोवर चालत राहिलं की हाडं मोडतात, तळव्याची कमान खचते.)

हवंय ते टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, गुडघ्याखालपर्यंत पायाला नेमकं बसणारं. साधं प्लास्टर महिनाभर ठेवून चालत नाही. सूज उतरली की ते सैल होतं, आत घासतं, आणि बधिर पायाला जखम कळत नाही. पहिलं तर आठवड्याच्या आतच बदलावं लागतं. पुढे दोन्ही पावलांच्या तापमानातला फरक २ अंश सेल्सिअसखाली टिकेपर्यंत काही महिने हेच.

नाशिक रोड, सिडको, पंचवटी भागात हे नियमित करणारं कोणी आहे का? दर वेळी त्वचेच्या थर्मामीटरने तापमान मोजतात का? उजव्या पायाला उंची जुळवणारा बूट आणि नंतर मापाची एमसीआर (मऊ मायक्रोसेल्युलर रबराची) पादत्राणं बनवणारा कारागीरही सुचवा. काका सध्या पाय अजिबात टेकवत नाहीत, त्यामुळे जरा लवकर कळवा.