शब्दचर्चा : ‘सरोगेट’ जाहिरातीला मराठीत काय म्हणावं?

उदगीरकर :
ग्राहक हक्कांवरचं एक पत्रक मराठीत करायलोय. त्यात ‘सरोगेट ॲडव्हर्टायझिंग’ आलंय. दारूची जाहिरात करता येत नाही, म्हणून त्याच नावाचा सोडा, पाणी नाहीतर म्युझिक सीडी दाखवतात, ती. पेपरवाले ‘छुपी जाहिरात’ लिहितात. चालेल का?

जालनेकर :
चालेल की. सगळ्यांना कळतंय.

गोदाकाठ, नांदेड :
कळतंय, पण भलतंच कळतंय. त्यात छुपं काय आहे? बॅगपायपरचा सोडा, किंगफिशरचं पाणी, रॉयल स्टॅगच्या सीडी. नाव तेच, अक्षराचं वळण तेच, रंगसुद्धा तेच. ‘सोडा’ हा शब्द तेवढा कोपऱ्यात बारीक. पैसे घेऊन छापलेली बातमी ही छुपी जाहिरात, कारण ती जाहिरात आहे हेच वाचणाऱ्याला कळू देत नाहीत. इथं जाहिरात उघडी आहे, माल झाकलाय. ताकाला जाऊन भांडं लपवणं आपण म्हणतो. हे लोक भांडं मिरवतात आणि ताकाचं नाव काढत नाहीत.

परभणीकर :
मग ‘पर्यायी जाहिरात’?

गोदाकाठ, नांदेड :
नको. पर्याय म्हणजे एकाऐवजी दुसरं. दारूऐवजी सोडा प्यावा असं त्या कंपनीला थोडंच वाटतंय! मी ‘आडजाहिरात’ म्हणेन. सोड्याच्या आडून केलेली. आडवाट, आडपडदा यांतला ‘आड’.

जालनेकर :
आमच्याकडं आड म्हणजे पाण्याचा आड. लेकरं विचारतील, आडावर कसली जाहिरात?

परभणीकर :
पाण्यावरून आठवलं. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं औरंगाबादच्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावली होती. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते हेच साल. आणि यांची जाहिरात कशाची, तर पाण्याची!

अंबाजोगाईकर :
सोडा-पाण्याचा हा प्रकार म्हणजे लेकी बोले सुने लागे. बोलायचं सोड्याला, लागायचं बाटलीला. पण म्हण काही संज्ञा म्हणून चालत नाही, तेव्हा माझंही मत ‘आडजाहिरात’ला. फक्त उदगीरकर सर, पत्रकात कायदा नीट मांडा. केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमांत मद्याच्या प्रत्यक्षच नाही, अप्रत्यक्ष जाहिरातीलाही मनाई आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर ‘सरोगेट’ची व्याख्याच दिलीय : ज्या मालाची जाहिरात कायद्यानं बंद आहे, तिला दुसऱ्या मालाची जाहिरात म्हणून दाखवून मनाईला बगल देणं. पण तिथंच एक पळवाट म्हणा की सवलत म्हणा, ठेवलीय. नुसतं नाव सारखं आहे एवढ्यावरून कुठलीही जाहिरात आडजाहिरात ठरत नाही. म्हणून तुम्हाला दोन शब्द लागतील. खरंच विकायला ठेवलेल्या मालाला तेच नाव दिलं तर ‘नावविस्तार’, आणि माल नावापुरता असला तर ‘आडजाहिरात’. ओळखायचं कसं? ती सीडी दुकानात मागून बघा.

जालनेकर :
दुकानदार बिअर शॉपीचा पत्ता देईल!

परभणीकर :
आणि क्रिकेटच्या संघाचं काय? बंगळूरूच्या संघाला 2008 मध्ये रॉयल चॅलेंज या व्हिस्कीवरून नाव मिळालं. तिथं सोडाही नाही.

अंबाजोगाईकर :
त्याला माझ्याकडं शब्द नाही. नावविस्तारात बसवता येईल, पण मन मानत नाही. संघ काही दुकानात मिळणारा माल नाही, आणि नाव मात्र मोसमभर समालोचकाच्या तोंडी.

गोदाकाठ, नांदेड :
जरा विषयांतर. आपल्याकडं रस्त्याचं काम घेणारासुद्धा गुत्तेदार, आणि दारूचं दुकानही गुत्ताच. शिंदीच्या गुत्त्याला कधी फलक लागला नाही आणि गिऱ्हाईकही कमी पडलं नाही.

उदगीरकर :
‘आडजाहिरात’ घेतो, पहिल्यांदा येईल तिथं पुढं ‘म्हणजे दुसऱ्या मालाच्या आडून केलेली’ असं लिहितो. दंडाचा आकडाही टाकतो : पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. शब्द जोडून लिहायचा का तोडून?

अंबाजोगाईकर :
जोडून. आडवाट आपण जोडूनच लिहितो की.