सब्रिना कार्पेंटर: हसतंय कोण, कुणाला?

चटकचांदणी: अमेरिकन पॉप गायिका सब्रिना कार्पेंटरचा 'मॅन्स बेस्ट फ्रेंड' हा अल्बम आला ऑगस्ट २०२५ मध्ये, पण भांडण जूनपासूनच जुंपलं होतं, मुखपृष्ठावरून. ती गुडघ्यांवर, तिचे केस एका सूटवाल्याच्या मुठीत, त्याचं डोकं चौकटीबाहेर. नावही असं की इंग्रजीत ते कुत्र्याला म्हणतात.
गाणी न ऐकताच लोकांनी निकाल दिला. 'टिअर्स' ऐका. डिस्कोचा ठेका, कुजबुजता लाडिक आवाज, सगळा थाट शृंगाराचा. आणि बाई विरघळते कशाने? तर पुरुषाने भांडी घासली, खुर्ची जोडून दिली म्हणून! हेच रागावून म्हटलं असतं तर नुसतं गाऱ्हाणं झालं असतं. सगळी गंमत त्या नटवेपणात आहे.

कडूजहर: असहमत. गाण्यात गंमत आहे, मान्य. फोटोला मात्र ना ठेका, ना आवाजातला हेल. ग्लासगो विमेन्स एड या, घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेने त्यावर टीका केली. त्यांना विनोद कळत नाही असं कसं म्हणायचं? मग हिने दुसरं, सोज्वळ मुखपृष्ठ काढलं, 'देवाने मंजूर केलेलं' म्हणून. टोमणा झकास. उत्तर नव्हे.

नुसतीच_वाचक: आणि त्याच अल्बममधलं 'मॅनचाइल्ड' गाणं? पुरुष बावळट, पण खापर त्याच्या आईवर. बाप कुठे गेला?

चटकचांदणी: अगं, तिथे ती स्वतःचीच उडवतेय. मला असलेच निकामी पुरुष आवडतात म्हणते, आणि त्याच दमात शपथेवर सांगते की मी नाही निवडत, तेच मला निवडतात. गाणारी थापा मारतेय हे ऐकणाऱ्याला कळतं. आईवर ढकलणं ही त्यातलीच एक थाप.

नुसतीच_वाचक: थाप असेल. बोलणी आईनेच खाल्ली ना?

कडूजहर: नटवेपणाचंच म्हणाल तर अमेरिकन कंट्री गायिका डॉली पार्टनने तो खेळ कित्येक दशकं केला. इतकं स्वस्त दिसायला फार पैसे लागतात, हा तिचाच विनोद. सब्रिनाने २०२५ मध्ये तिच्यासोबत गाणंही केलं. पण डॉलीच्या विनोदात ती स्वतः उभी असते, केस कुणाच्या हातात नसतात. (ते विग आहेत हेही तीच सांगते!)

चटकचांदणी: विगवर हरले :) पण त्या फोटोत चेहरा एकटीलाच आहे, आणि तो थेट आपल्याकडे बघतोय. सूटवाल्याला डोकंच नाही. मला तरी विनोद तिथेच दिसतो.

कडूजहर: डोकं नाही, मूठ आहे. भीती मुठीचीच असते.