रस्त्यावर अजून उभे असलेले जुने सिग्नल कुणी बघितलेत का? आणि आपल्याकडचा एक वाचवायचा कसा?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. मला जुन्या ट्रॅफिक सिग्नलचं लय वेड आहे, म्हणजे एलईडी यायच्या आधीचे, जाड काचेचे, आत बल्ब असलेले. आमच्या भागात एका चौकात नवीन सिग्नल बसून बरीच वर्षं झाली पण जुना खांब कोपऱ्यात अजून तसाच उभा आहे. बंदच असतो. लाल काच तडकलीय, आतली चकचकीत वाटी दिसते, तिन्ही दिव्यांवर पत्र्याच्या लांब टोप्या, आणि बुंध्याला एक पेटी आहे जिचं दार गंजून बसलंय. आता रस्त्याचं काम निघालंय आणि तो खांब काढणार असं कानावर आलंय. चौकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, रात्रीत भंगारात जाईल.
असले जुने सिग्नल जगात कुठं रस्त्यावर टिकलेत का? दुसरं, अमेरिकेतल्या एका छोट्या गावातल्या सिग्नलचा फोटो बघितला, चारी बाजूंना तोंड असलेली एकच पेटी चौकाच्या मधोमध टांगलेली, पण दोन बाजूंना लाल वर आणि दोन बाजूंना हिरवा वर. हे खरं असतंय का? आणि आपला खांब वाचवायला काय करावं लागेल?

वायरमनकाका
फोटो खरा असणार बाळा. तसले स्वस्तातले सिग्नल तिकडं निघालेले. एका मजल्यावर एकच बल्ब, आणि त्याच्या चारी बाजूंना काचा. आता वरचा बल्ब लागला की चारी काचा एकदम उजळणार, मग उत्तर-दक्षिणेला लाल दाखवायचा तर पूर्व-पश्चिमेला त्याच मजल्यावर हिरवी काच लावावीच लागते. खालच्या मजल्यावर बरोबर उलटं. मधला पिवळा चारी बाजूंना सारखा. बारा बल्बांचं काम तीन बल्बांत. पण ज्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही तो ड्रायव्हर वरचा दिवा की खालचा एवढंच बघून थांबतो, त्याची पंचाईत होणार, म्हणून ती पद्धत मागं पडली.
तुझ्या खांबाची पेटी मात्र उघडून बघायला पाहिजे. जुन्या कंट्रोलरमध्ये इलेक्ट्रॉनिक काही नसायचं. एक छोटी सिंक्रोनस मोटर, ती मेनच्या फ्रिक्वेन्सीवर चालते त्यामुळं वेग ठरलेला, तिच्यावर गिअर, गिअरवर दांडा आणि दांड्यावर कॅम, म्हणजे कडेला उंचवटा असलेल्या चकत्या. दांडा फिरला की एकेक कॅम आपापला कॉन्टॅक्ट दाबतो आणि दिवा बदलतो. दांड्याचा एक फेरा म्हणजे चौकाचं एक सायकल. टायमिंग बदलायचं तर गिअर बदलायचा. शेजारी उभं राहिलं तर कट्ट कट्ट आवाज यायचा, तो आवाज मला अजून आवडतो. आणि त्या टोप्या लांब असण्याचं कारण ऊन. सकाळ-संध्याकाळी ऊन सरळ काचेवर आलं की आतली वाटी ते परत फेकते आणि बंद दिवा लागल्यागत दिसतो.
सप्लाय बंद आहे याची खात्री झाल्याशिवाय पेटीला हात लावू नको. जुनी केबल कुठून जिवंत असेल सांगता येत नाही.

तिकटीवरचा_अमोल
रस्त्यावर टिकलेल्यात माझा सगळ्यात आवडता अमेरिकेतल्या सिरॅक्यूजचा, टिपररी हिल नावाच्या भागात. तिथं सगळी आयरिश वस्ती, आणि हिरवा म्हणजे आयर्लंडचा आणि लाल म्हणजे ब्रिटिशांचा अशी त्यांची भावना. १९२० च्या दशकात सिग्नल बसला तेव्हा लाल वर बघून पोरांनी दगड मारून दिवे फोडले, परत बसवला की परत फोडले, शेवटी प्रशासनानं हिरवा वर करून दिला. आजही तिथं हिरवाच वर आहे आणि दगड मारणाऱ्यांचं स्मारकसुद्धा चौकात आहे. लोकांना सिग्नल आपला वाटला की तो कसा टिकतो बघा.
बर्लिनला पोट्सडामर प्लाट्झवर १९२४ ला सिग्नलचा टॉवर उभारलेला, वर पोलीस बसायचा. आता तिथं दिसतो तो १९९७ ला बसवलेला नवा नमुना, मूळचा नव्हे. मेलबर्नला घड्याळासारखा सिग्नल होता, काटा फिरत लाल-हिरव्या पट्ट्यावरून जायचा, म्हणजे किती वेळ उरलाय ते ड्रायव्हरला दिसायचं. आपण आज आकड्यांचा टायमर बघतो तेच काम तो काटा करत होता. मला तर टॉवरच्या नकलेपेक्षा तुमचा गंजलेला खांब मोलाचा वाटतो, कारण तो मूळ जागी उभा आहे.

उद्यमनगर_ओतकाम
भावा, चुंबक घेऊन जा. बुंधा बिडाचा असला तर चिकटेल. दिव्याची पेटी चिकटली नाही तर ॲल्युमिनियम. मग पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला आणि बुंध्याच्या खालच्या कडेला उठावाची अक्षरं आहेत का बघ, ओतताना पॅटर्नमध्येच, म्हणजे साचा ज्यावरून घेतात त्या नमुन्यातच, अक्षरं घालायची पद्धत होती, त्यावरून बनवणारा कळतो. रंगाचे थर चढून ती बुजलेली असतात. घासायला ग्राइंडर अजिबात लावू नको, अक्षरं जातील. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली तरी उमटतात. दाराचं बिजागर तुटलं असलं तर काळजी करू नको, एक नमुना मिळाला की आपल्या उद्यमनगरात तसंच ओतून देणारे मिळतील. काच मात्र जपा. तिच्या आतल्या बाजूला बारीक नक्षी असते, ती उजेड खाली गाडीवाल्याकडं वळवायला. तशी काच आता बनवून मिळणं अवघड.

दसरा_चौक_रोजचा
भावना समजतात, पण बंद सिग्नल चौकात ठेवणं धोक्याचं आहे हो. अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावच्या एवढ्या गाड्या येतात, त्यांना कुठला चालू कुठला बंद कळत नाही, ते बघत बसतात आणि मागचा येऊन धडकतो. फुटपाथ अडतो ते वेगळंच.

तिकटीवरचा_अमोल
दादा बरोबर आहे तुमचं. पण त्यावर खांब उपटणं हा एकच उपाय नाही. तोंड रस्त्याकडून फिरवून फुटपाथच्या आतल्या कडेला घेतला तरी चालतंय, जागा तीच राहते. अगदीच नाही जमलं तर जवळच्या बागेत. अर्ज महापालिकेच्या विद्युत विभागाला करा, प्रत शहर वाहतूक शाखेला, आणि आवक-जावकचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. अर्जात स्पष्ट लिहा की निर्लेखन करून भंगारात लिलाव करू नये. एकदा लिलावाच्या यादीत गेलं की मग कुणाच्या हातात काही राहत नाही.

पंचगंगाकाठ
लय आभार सगळ्यांचे. संध्याकाळी चुंबक घेऊन जाऊन आलो. बुंधा चिकटतो, दिव्याची पेटी नाही. कडेला अक्षरं हाताला लागतात पण वाचता येत नाहीत, पेन्सिल-कागदानं घेऊन फोटो टाकतो. काका, पेटी तुम्ही सोबत असाल तेव्हाच उघडायची असं ठरवलंय, परवानगी मिळाली की कळवतो, याल ना? दसरा चौकवाले दादा, तुमचा मुद्दा अर्जात घातलाय, खांब आत सरकवून तोंड फिरवा असंच मागतोय. सोमवारी देणार आहे. सही करायची असेल त्यांनी मेसेज करा.