बायोटिन आणि थायरॉइडची तपासणी

"पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात, मग घ्यायला काय हरकत आहे," असं बरेचदा म्हटलं जातं. निघून जातात हे बहुतांशी खरं आहे, पण जाईपर्यंत ती रक्तात असतात आणि माझा घोळ तिथेच झाला. केस गळत होते म्हणून मी चारेक महिने रोज १० मिलिग्रॅम बायोटिन (असंच पाण्यात विरघळणारं, ब गटातलं एक जीवनसत्त्व) घेत होते. प्रौढांची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे मी तीनशे पटींहून जास्त घेत होते! नेहमीच्या रक्त तपासणीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) खूपच कमी आणि टी४ (थायरॉइड स्वतः बनवतं ते संप्रेरक) वाढलेलं आलं. थायरॉइड जास्त काम करतंय असंच कुणालाही वाटलं असतं. ना धडधड, ना वजनात घट, तरी मी पुरती घाबरले होते. डॉक्टरांनी गोळ्या सुरू करण्याआधी "आणखी काय काय घेता?" एवढं विचारलं, हे माझं नशीब. बायोटिन थांबवून आठवड्याने पुन्हा रक्त दिलं, सगळं नॉर्मल.

कारण असं की बऱ्याच प्रयोगशाळांच्या चाचण्यांमध्येच बायोटिन वापरलेलं असतं, आणि रक्तातलं जास्तीचं बायोटिन त्यात लुडबूड करतं. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ती ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) चाचणीही यामुळे खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने) २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. मला तर थायरॉइडपेक्षा याचीच जास्त भीती वाटते. थायरॉइडच्या तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायला सांगतात, डोस मोठा असेल तर आणखी आधीपासून. आणि केसांसाठीच्या मल्टिव्हिटॅमिनचं लेबल नीट वाचा, त्यातही ते बहुतेक वेळा असतंच.