मदत हवी आहे: सी-स्टेट (रिकाम्या प्रोसेसरची वीज वाचवणाऱ्या अवस्था) चालू केले की रिकामा बसलेला पीसी गोठतो

मंडळी, विचित्र त्रास आहे. रेंडरिंग तासन्‌तास चालवा, मशीन हूं की चूं करत नाही. पण दहा मिनिटं उठून गेलो की परत येईपर्यंत स्क्रीन गोठलेली, कोपऱ्यातलं घड्याळ जुन्याच वेळेवर अडकलेलं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) 'ग्लोबल सी-स्टेट कंट्रोल' बंद केलं की सुरळीत, पण मग काम नसतानाही प्रोसेसर तापलेला आणि पंखा घरघरत. सी६ या खोल सी-स्टेटमध्ये प्रोसेसरच्या रिकाम्या कोअरची वीज जवळपास तोडतात, म्हणून संशय पॉवर सप्लायवर. जुनाच आहे, इतका कमी करंट त्याला झेपत नसावा. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवला, एकही एरर नाही.

सी-स्टेट चालू ठेवून 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल'मध्ये 'टिपिकल करंट आयडल' (रिकामं असतानाही करंट फार खाली जाऊ न देणारा पर्याय) निवडलं तर भागेल का? कुणी करून पाहिलंय? बायोस अपडेट कर म्हणू नका, ते झालंय.