क्योथेनच्या लिओपोल्डची बायको खरंच संगीतद्वेष्टी होती का?

गंधारी: व्हायोलिनवर सध्या जर्मन संगीतकार बाखच्या एकल रचना बसवतेय. हस्तलिखितावर १७२० साल आहे, म्हणजे तो जर्मनीतल्या क्योथेन या छोट्या संस्थानात, तिथल्या संस्थानिक लिओपोल्डच्या पदरी होता तेव्हाचं. लिओपोल्डबद्दल वाचायला गेले की सगळीकडे एकच गोष्ट: संस्थानिक रसिक होता, १७२१ मध्ये लग्न झालं, बायकोला संगीताचं वावडं, म्हणून बाख निघून गेला. मला हे पटत नाही. कुणी त्या घराण्याबद्दल नीट सांगेल का?

जुनीवही: तुमची शंका रास्त आहे. 'राणीला संगीताची आवड नव्हती' हे खुद्द बाखनेच लिहिलंय, पण १७३० मध्ये, एका जुन्या मित्राला. तेव्हा तो क्योथेननंतरच्या नोकरीच्या गावाला, लाइपझिगला, वैतागलेला होता.

आता तारखा बघा. लग्न ११ डिसेंबर १७२१ चं. पण बाख हॅम्बुर्गला ऑर्गनवादकाच्या जागेसाठी गेला तो नोव्हेंबर १७२० मध्ये, म्हणजे वर्षभर आधीच! त्याच वर्षी जुलैमध्ये तो लिओपोल्डबरोबर कार्ल्सबादला असताना बाखची पहिली बायको वारली. परत आला तेव्हा तिचं दफनही झालेलं होतं. माणसाला गाव सोडावंसं वाटायला एवढं पुरे.

आणि ती राणी? फ्रीडरिका हेन्रिएटा, आनहाल्ट-बेर्नबुर्गची. लग्नात वय १९. सप्टेंबर १७२२ मध्ये मुलगी झाली, ४ एप्रिल १७२३ ला राणी गेली. बाखला क्योथेनमधून रजा मिळाली १३ एप्रिलला. लाइपझिगच्या नोकरीची परीक्षा तर तो फेब्रुवारीतच देऊन आला होता. सोळा महिन्यांचा संसार करून गेलेल्या पोरीच्या माथी हे तीनशे वर्षं मारलं जातंय, याचा मला राग येतो.

लिओपोल्ड स्वतः व्हायोलिन, गांबा (चेलोसारखं जुनं तंतुवाद्य) आणि हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) वाजवायचा. दहाव्या वर्षी बाप गेला. आई गिझेला आग्नेस साध्या सरदार घराण्यातली, त्यात ल्यूथरपंथी, आणि घराणं कॅल्विनपंथी (दोन्ही प्रॉटेस्टंट, पण वेगळे पंथ). तिने १७१५ पर्यंत कारभार पाहिला, आणि त्याआधी नवरा हयात असतानाच ल्यूथरपंथीयांसाठी गावात चर्चही उभं केलं होतं. कॅल्विनपंथी दरबारी चर्चमध्ये थाटाच्या संगीताला वाव नव्हता, म्हणून बाखचं लक्ष तिथे वाद्यसंगीताकडे वळलं.

काठावरचा: लिओपोल्डच्या मुलांचं काय झालं?

जुनीवही: १७२५ मध्ये लिओपोल्डने दुसरं लग्न केलं. शार्लोट फ्रीडरिका, ग्ल्यूक्सबुर्गची. त्यांना मुलगा झाला तेव्हा बाखने लाइपझिगहून त्या बाळाला पहिली पार्टिटा (कीबोर्डसाठीची नृत्यरचनांची मालिका) अर्पण केली, सोबत स्वतःची कविताही. १७२८ मध्ये तो मुलगा गेला, त्या मुलाची धाकटी बहीण गेली, आणि नोव्हेंबरमध्ये लिओपोल्डही, देवीच्या रोगाने. चौतिसावा वाढदिवस दहा दिवसांवर होता. गादी भावाकडे, आउगुस्ट लुडविगकडे गेली.

गंधारी: आणि पहिल्या राणीची मुलगी?

जुनीवही: ती जगली. तिचं नाव आजीचंच, गिझेला आग्नेस. १७३७ मध्ये डेसाऊच्या राजपुत्राशी लग्न झालं. मार्च १७२९ मध्ये बाख लिओपोल्डच्या अंत्यविधीचं संगीत वाजवायला क्योथेनला परत आला, तेव्हा ती सहा वर्षांची होती.

गंधारी: आज रियाजाला बसेन तेव्हा ती डोळ्यांसमोर असेल. मनापासून आभार.