मदत हवी आहे: वर्डप्रेसच्या डेटाबेसमधला अनाथ डेटा कसा काढायचा?

मंडळी, एक जुनी वर्डप्रेस साइट हातात आलीये, आधीच्या कोणीतरी पोस्ट थेट पीएचपीमायॲडमिनमधून (डेटाबेस हाताळायचं टूल) उडवल्यात म्हणे, त्यामुळे पोस्ट गेल्या पण त्यांचा पोस्टमेटा (पोस्टसोबत साठवलेली जादा माहिती) तसाच अनाथ पडून आहे. ॲडमिनमधून कायमचं डिलीट केलं की वर्डप्रेस मेटा आणि कमेंट स्वतःच काढतं, पण टेबलांमध्ये फॉरेन की (टेबलं एकमेकांना बांधणारा नियम) नसल्यामुळे डेटाबेस स्वतःहून काहीच साफ करत नाही.

पोस्टमेटाचं जमलंय, पोस्टच्या टेबलशी लेफ्ट जॉइन लावून (म्हणजे ओळी जुळवून) जिथे पोस्टचा आयडी नल, म्हणजे रिकामा, येतो त्या ओळी निघाल्या, आणि बऱ्याच निघाल्या! खरी भीती टर्म रिलेशनशिप्सची (कशाला कोणती कॅटेगरी किंवा टॅग लावलाय ते टेबल) आहे, कारण तिथला ऑब्जेक्ट आयडी दरवेळी पोस्टचाच असतो असं नाही, वर्डप्रेसच्या जुन्या लिंक्स फीचरमधल्या लिंकचा किंवा एखाद्या प्लगइनने टॅक्सोनॉमी (वर्गीकरणाचा प्रकार) लावलेल्या युजरचाही असू शकतो, मग तीच क्वेरी तिथे चालवली तर चांगला डेटा पण जाईल ना? कोणत्या टॅक्सोनॉमी वगळायच्या हे कसं ओळखता तुम्ही?

आणि ऑप्शन्सच्या टेबलमध्ये काढून टाकलेल्या प्लगइनच्या ऑटोलोडवाल्या (दर पेजला आपोआप लोड होणाऱ्या) सेटिंग्ज आहेत, त्या नुसत्या नावावरून ओळखायच्या का? बॅकअप घेतलाय, स्टेजिंगवरच (साइटच्या चाचणीच्या कॉपीवर) करतोय, त्यामुळे तो सल्ला नको 😅 क्लीनअप प्लगइन कोणी वापरलंय का, की हातानेच केलेलं बरं?